मत, मोजणी आणि बाबासाहेब

आमचं घर बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात. महाराष्ट्राची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर, पण राज्य मध्य प्रदेश. घरात मराठी, गल्लीत हिंदी. २०२५ च्या नोव्हेंबरात मतदारयाद्यांची विशेष फेरतपासणी सुरू झाली तेव्हा मी योगायोगाने घरीच होते. प्रत्येकाच्या नावाचा फॉर्म आला. आपलं किंवा आईवडिलांचं नाव २००३ च्या यादीत कुठे आहे ते शोधून त्यात भरायचं होतं. आजीचं नाव काही सापडेना. आमचं आडनाव कॅथलिक वळणाचं. देवनागरीत लिहिताना ज्याच्या कानाला जसं ऐकू येईल तसं तो लिहितो. शेवटी बाबांनी घराच्या नंबरावरून शोधलं, तेव्हा आजी सापडली, पण भलत्याच आडनावाने. आजीने मला एवढंच विचारलं, की नाव मिळालंच नसतं तर आपण इथले नाही असं ठरलं असतं का?

मला धड उत्तर देता आलं नाही. कॉलेजात परत आल्यावर मी वाचायला घेतलं आणि वाचता वाचता बाबासाहेबांपाशी येऊन थांबले. आपण शाळेत त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणून शिकतो. चवदार तळं, काळाराम मंदिर, नागपूरची दीक्षा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण हा माणूस सत्तावीस वर्षांचा असल्यापासून शेवटपर्यंत मत कोणाला, मतदारसंघ कसा आणि मोजणी कशी, ह्या तीन प्रश्नांशी झगडत होता. आणि ज्याने देशाला मत मिळवून दिलं तो स्वतः लोकसभेत एकदाही निवडून गेला नाही. हे मला बी.ए.ला येईपर्यंत माहीत नव्हतं. म्हणून त्यांचं आयुष्य इथे ह्याच बाजूने सांगते आहे.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. म्हणजे आमच्या आजच्या मध्य प्रदेशातलाच. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. पुढचं शिक्षण सातारा, मुंबई, न्यूयॉर्क, लंडन. पैसे आणि मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धा सोडून ते परतले आणि १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. दोनच महिन्यांनी, २७ जानेवारी १९१९ ला, ते एका सरकारी समितीपुढे साक्ष द्यायला उभे राहिले. ही लॉर्ड साउथबरो यांची मताधिकार समिती. हिंदुस्थानात मत कोणाला द्यायचं हे तिला ठरवायचं होतं.

त्या काळी मत हा हक्क नव्हता, ऐपतीचं बक्षीस होतं. अमुक इतका शेतसारा भरता, अमुक इतक्या भाड्याच्या घरात राहता, प्राप्तिकर देता, तर तुम्ही मतदार. वरवर पाहिलं तर अट सगळ्यांना सारखीच. पण ज्यांना पिढ्यानपिढ्या जमीन घेऊ दिली नाही, धंदा करू दिला नाही, त्यांनी सारा कशावर भरायचा? तरुण आंबेडकरांनी समितीपुढे नेमकं हेच मांडलं. अट एकच ठेवली की अन्याय संपतो असं नाही, कधीकधी तो त्या अटीतच लपलेला असतो. अस्पृश्यांसाठी मताची अट खाली आणावी आणि त्यांचे प्रतिनिधी त्यांनीच निवडावेत, अशी त्यांची मागणी होती. प्रतिनिधी निवडणं आणि स्वतः अधिकारपदावर जाणं, ह्या दोन गोष्टींशिवाय नागरिकत्व पोकळ आहे, हे त्यांचं म्हणणं तेव्हापासून कायम राहिलं.

मागणी मान्य झाली नाही. १९१९ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांना निवडणूक न देता सरकारने नेमलेला सभासद दिला. पुढे बाबासाहेब स्वतः १९२७ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिरले ते ह्याच दाराने, नेमलेले सभासद म्हणून. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. एकीकडे पाण्यासाठी लढा, दुसरीकडे मतासाठी. मला हे दोन लढे वेगळे वाटत नाहीत. तळं सार्वजनिक असलं तरी तुम्हाला त्यातून पाणी घेता येत नाही, आणि कौन्सिल सार्वजनिक असलं तरी तिथं तुमचं माणूस पाठवता येत नाही.

१९२८ मध्ये सायमन कमिशन आलं. बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने निवेदन दिलं आणि पुण्यात साक्ष दिली. ह्या निवेदनातला एक मुद्दा आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. प्रत्येक प्रौढ माणसाला मत देणार असाल, तर आम्हाला सर्वांबरोबर एकत्र मतदारसंघ चालेल, फक्त काही जागा राखून ठेवा. प्रौढ मताधिकार देणार नसाल, तरच वेगळा मतदारसंघ द्या. म्हणजे वेगळेपण ही त्यांची पहिली पसंती नव्हती. ज्या समाजाच्या हातात मुळात मतंच नाहीत, तो एकत्र मतदारसंघात दुसऱ्यांच्या दयेवर राहतो, हा साधा हिशेब त्यामागे होता. पुढच्या वर्षी मुंबईच्या प्रांतिक समितीचे सभासद म्हणून त्यांनी बाकीच्यांपासून फारकत घेऊन आपला वेगळा अहवाल लिहिला आणि त्यात सगळ्यांना मत द्या असा आग्रह धरला. निरक्षरांना मत कसलं, असं म्हणणारे तेव्हा मोठमोठे पुढारी होते. बाबासाहेबांचं उत्तर असं, की शिकू न देणाऱ्यांनीच निरक्षरतेचं कारण पुढे करावं हा उलटा न्याय झाला.

मग लंडनच्या गोलमेज परिषदा आणि १९३२ ची मताधिकार समिती. लॉर्ड लोथियन अध्यक्ष, बाबासाहेब सभासद. कित्येक प्रांतांत आमच्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच असं सांगून त्यांची संख्या कमी दाखवली जात होती. बाबासाहेबांनी त्यावर स्वतंत्र टिपण दिलं. डोकी मोजण्यावर जागा ठरतात, म्हणून डोकी मोजतानाच राजकारण सुरू होतं, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्य मतदाराला दोन मतं मिळाली. एक आपल्या वेगळ्या मतदारसंघात, दुसरं सर्वसाधारण मतदारसंघात. २० सप्टेंबरला येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी उपोषण सुरू केलं, आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. जागा वाढून १४८ झाल्या, पण वेगळा मतदारसंघ आणि दुसरं मत गेलं. त्याऐवजी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी प्रत्येक जागेसाठी चार जणांची निवड करायची, आणि मग त्या चारांतून एकाला सर्व मतदारांनी मिळून निवडायचं, असं ठरलं. कागदावर बेत बरा दिसतो. पण शेवटची निवड सगळ्यांच्या हाती, आणि त्या सगळ्यांत अस्पृश्य थोडे. चौघांत पहिला आलेला माणूस अंतिम निवडणुकीत पडू शकतो आणि चौथा निवडून येऊ शकतो. गांधीजींचा जीव वाचावा म्हणून सही केली, पण ह्या पद्धतीतली मेख बाबासाहेबांना डाचत राहिली. १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधीजींवर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी ती आकड्यांनिशी मांडली.

मधल्या काळात एक गोष्ट मनासारखी झाली. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ ची प्रांतिक निवडणूक लढवली. मुंबई प्रांतात तेव्हा एकाहून अधिक जागांचे मतदारसंघ होते आणि मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकायची मुभा होती. समजा तुमच्या मतदारसंघात दोन जागा आहेत, म्हणजे तुमच्याकडे दोन मतं. ती दोन जणांना वाटा किंवा दोन्ही एकालाच द्या. संख्येने लहान पण एकजुटीच्या गटाला ह्या पद्धतीत आपला एक माणूस निवडून आणता येतो. भायखळा-परळ मतदारसंघातून बाबासाहेब निवडून आले. समोर काँग्रेसतर्फे उभे होते पळवणकर बाळू, त्या काळचे नामांकित क्रिकेटपटू आणि तेही अस्पृश्य समाजातलेच. लढत अटीतटीची झाली, सुमारे दोन हजार मतांचा फरक. गिरणगावच्या चाळीतल्या माणसांनी थेट मत देऊन बाबासाहेबांना सभागृहात पाठवलं.

१९४६ ला वारं फिरलं. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला मुंबई प्रांतात एकही जागा मिळाली नाही. घटना समिती प्रांतिक विधानसभांच्या सभासदांकडून निवडली जायची होती, त्यामुळे मुंबईतून बाबासाहेबांना वाट उरली नाही. ते बंगालमधून उभे राहिले. जोगेंद्रनाथ मंडल यांनी जिवापाड मदत केली. ही निवडणूक पसंतीक्रमाची होती. सभासदाने पहिली, दुसरी, तिसरी पसंती लिहायची आणि ठरावीक कोटा पूर्ण झाला की उमेदवार निवडून येतो. थोड्या मतांनाही किंमत देणारी ही पद्धत. तीच बाबासाहेबांना घटना समितीत घेऊन गेली. वर्षभरात देशाची फाळणी झाली, बंगाल दुभंगला आणि त्यांची जागा संपली. तोवर समितीला त्यांची गरज कळली होती. बॅरिस्टर जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडले गेले. विचार करा, राज्यघटनेचा मसुदा कोणाच्या हातून तयार होणार हे एका मोजणीच्या पद्धतीवर आणि नकाशावरच्या एका रेघेवर येऊन ठेपलं होतं.

घटनेत त्यांनी १९१९ ची मागणी पुरी करून घेतली. कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढाला मत दिलं. तेव्हा वय एकवीस होतं, १९८९ पासून अठरा. पण आजीच्या प्रश्नाचं उत्तर मला ३२४ आणि ३२५ मध्ये मिळालं. मूळ मसुद्यात राज्यांसाठी वेगवेगळे निवडणूक आयोग होते. १५ जून १९४९ ला बाबासाहेबांनीच दुरुस्ती मांडून सगळ्या देशासाठी एकच आयोग आणला. कारण त्यांनी सभागृहाला उघड सांगितलं. काही प्रांतांत वंशाने, संस्कृतीने किंवा भाषेने जे मूळ प्रांतातले नाहीत त्यांना मतदारयादीतून बाहेर ठेवायचे उद्योग सुरू असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. जे सत्तेत आहेत त्यांच्या हाती यादी देऊ नये, हा त्याचा अर्थ. आणि ३२५ म्हणतं, की प्रत्येक मतदारसंघाची यादी एकच, धर्म, वंश, जात किंवा लिंग ह्या कारणाने कोणालाही तीतून वगळता येणार नाही. हिंदी राज्यात राहणारं मराठी ख्रिस्ती घर ह्या दोन कलमांच्या छताखाली राहतं, हे मला माझ्या वयाच्या एकविसाव्या वर्षी समजलं.

आपल्या समाजापुरतं इथे थोडं सांगते. १९३५ च्या कायद्याखाली मुंबई आणि मद्रास प्रांतांत हिंदी ख्रिस्ती लोकांना वेगळे मतदारसंघ होते. मे १९४९ मध्ये घटना समितीने धर्मावर आधारलेल्या राखीव जागा काढून टाकल्या. समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती, आणि मद्रासचे येशूसंघी फादर जेरोम डिसूझा सभासद होते. दोघांनीही ह्या निर्णयाला साथ दिली. आपण एकत्र यादीत शिरलो ते विश्वासाने. मग त्या यादीचा चोखपणा ही आपलीही काळजी झाली.

कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी १९५० आणि १९५१ चे लोकप्रतिनिधित्वाचे कायदे संसदेतून पार नेले. हिंदू कोड बिल रखडल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, आणि पुढच्याच महिन्यात पहिली सार्वत्रिक निवडणूक सुरू झाली. सतरा कोटींवर मतदार, त्यांतले बहुतेक निरक्षर. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी युक्ती काढली. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह, आणि मतदाराने आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. यादीत नाव सांगताना अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगणाऱ्या सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावं मात्र कटली. आजीला मी हे सांगितलं तेव्हा ती नुसती मान हलवत राहिली.

मतदारसंघ होते ४०१ आणि जागा ४८९, कारण ८६ मतदारसंघ दोन जागांचे होते आणि एक तीन जागांचा. दोन जागांच्या मतदारसंघात सहसा एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराला दोन मतं. पण १९५१ च्या कायद्याने १९३७ ची मुभा काढून घेतली होती. दोन्ही मतं एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. दिली तर दुसरं बाद.

बाबासाहेब उत्तर मुंबईतून राखीव जागेवर उभे राहिले. सर्वसाधारण जागेवर त्यांचे साथीदार समाजवादी अशोक मेहता. निकाल लागला. काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७, बाबासाहेब १,२३,५७६. साडेचौदा हजारांनी हार. आणि ह्या मतदारसंघात बाद ठरलेली मतं होती चौऱ्याहत्तर हजारांवर! एकाच पेटीत दोन्ही कागद टाकून एक मत मुद्दाम वाया घालवणं, ह्याला तेव्हा मुंबईत मतं कुजवणं म्हणत. कम्युनिस्टांनी असा प्रचार केला अशी तक्रार घेऊन मेहता आणि बाबासाहेब न्यायाधिकरणात गेले. अर्ज फेटाळला गेला. जो कायदा त्यांनी स्वतः सभागृहात मांडला, त्याच्याच मोजणीने त्यांना घरी बसवलं. त्यांनी निकाल मानला.

त्याच वर्षी ते राज्यसभेत गेले. राज्यसभेची निवडणूक आमदारांकडून आणि पसंतीक्रमाने होते, हे लक्षात घ्या. १९५४ मध्ये त्यांनी पुन्हा लोकसभेचा प्रयत्न केला, भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता, आमचं बऱ्हाणपूरही त्याच राज्यात, राजधानी नागपूर. पुन्हा दोन जागा, पुन्हा जोडीला अशोक मेहता. विदर्भात अशी आठवण सांगतात, की कार्यकर्त्यांनी ह्या वेळी आपणही सर्वसाधारण जागेचं मत कुजवू या असा आग्रह धरला. तसं केलं तर बाबासाहेब येण्याची शक्यता वाढत होती. त्यांनी ठाम नकार दिला. घटना लिहिणाऱ्याने मत वाया घालवायला सांगायचं नाही, हरलो तरी चालेल, असा त्यांचा निर्धार होता. मेहता निवडून आले. बाबासाहेब हरले.

हरल्यावर ते रुसून बसले नाहीत. डिसेंबर १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. राज्यांच्या सीमा आखताना फक्त भाषा पाहू नका, त्या सीमेच्या आत कोण बहुसंख्य होतो आणि कोण अल्पसंख्य, तेही पाहा, हा त्याचा गाभा. महाराष्ट्राचे चार, मध्य प्रदेशाचे दोन भाग करावेत असं त्यांनी सुचवलं. आणि लहान समाजांना धीर यावा म्हणून दोन-तीन जागांचे मतदारसंघ ठेवून मतं एकाच उमेदवाराला द्यायची जुनी मुभा परत आणा, असंही. भायखळा-परळ आणि उत्तर मुंबई, दोन्हीचा अनुभव त्यामागे होता. ही सूचना कोणी घेतली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. भंडारा मुंबई राज्यात गेला, बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दोन जागांचे मतदारसंघही १९६१ च्या कायद्याने संपले.

आज पेट्या गेल्या, यंत्रं आली. २००४ पासून लोकसभेचं सगळं मतदान यंत्रावर होतं. आपण यंत्रावर तावातावाने भांडतो, आणि भांडावंही. पण यंत्र फक्त दिलेलं मत मोजतं. यादीत कोण आहे आणि मतदारसंघाची रेघ कुठून जाते, हे त्याच्या आधी ठरलेलं असतं. राजपुऱ्यातला मतदार खंडवा लोकसभेत येतो आणि देवास जिल्ह्यातल्या बागलीचाही त्याच मतदारसंघात. एक खासदार, चार जिल्ह्यांचे तुकडे. शेजारचा नेपानगर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव. ह्या रेघा २००८ च्या आहेत. कुठल्या राज्याला किती जागा हे मात्र अजून १९७१ च्या जनगणनेवर गोठलेलं आहे, आणि २००१ च्या घटनादुरुस्तीने ते २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तसंच ठेवलं. म्हणजे आपल्या पिढीच्या डोळ्यांदेखत रेघा पुन्हा आखल्या जाणार. आतापर्यंतच्या कायद्यांत अशी सोय होती, की आयोगाने आधी मसुदा छापायचा, हरकती मागवायच्या आणि जाहीर बैठका घ्यायच्या. तिथं बहुतेक वेळा पक्षांचीच माणसं जातात.

पुढच्या वेळी आपण जाऊ या का? साउथबरो समितीपुढे उभा राहिलेला तरुण आपल्याहून जेमतेम सहा वर्षांनी मोठा होता, आणि त्याला स्वतःच्या माणसांची संख्या पाठ होती.

आजीच्या फॉर्मवर बाबांनी आडनाव दोन्ही तऱ्हांनी लिहिलं. नंतर मसुदा यादी आली तेव्हा मी इथून मोबाईलवर तिचं नाव शोधलं. होतं. आडनाव अजून चुकलेलंच आहे. दुरुस्तीचा अर्ज मी भरलाय.